एआयने प्रोफाइल फोटो बनवताय? आधी पेशा बघा, मग कोट निवडा

चार वर्षांच्या खंडानंतर मी पुन्हा नोकरी शोधायला लागले, तेव्हा माझ्याकडे धड एकही फोटो नव्हता. होते ते लग्नकार्यातले, नाहीतर लेकाला कडेवर घेतलेले. म्हणून एका ॲपवर आठ-दहा सेल्फी चढवल्या आणि तासाभरात चाळीस फोटो हातात आले. सगळ्यांत गडद निळा कोट आणि मागे काचेचं ऑफिस. त्यातला सर्वांत देखणा वाटला तो मी लावला. पहिल्याच व्हिडिओ मुलाखतीत समोरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाजूच्या स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "प्रोफाइलवर तुमचाच फोटो आहे ना?"

मुलाखत संपल्यावर मी फोन आरशाशेजारी धरला. फोटोत माझा रंग चांगलाच उजळला होता. हनुवटीवरचा तीळ आणि नाकातली चमकी दोन्ही गायब होती. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकवते, पण फोटोतली बाई एखाद्या बँकेची संचालिका वाटत होती. तो प्रश्न मला फार लागला, कारण त्यात तथ्य होतं.

पुढच्या वर्षभरात मी आधी माझा फोटो नीट केला आणि मग घरच्यांचे, मैत्रिणींचे करत गेले. साताऱ्यात लहान मुलांचा दवाखाना चालवणारी वहिनी, कराडला वकिली करणारे मामा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी मैत्रीण, बांधकामावर इंजिनिअर असलेला मावसभाऊ अशी ती मंडळी. प्रत्येकाच्या वेळी नवं काहीतरी चुकलं. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहितेय. सगळ्यांना लावता येईल अशी एकच कसोटी मला सापडली. फोटो पाहून जो माणूस उद्या तुमच्या दारात येणार आहे, त्याने तुम्हाला बघताक्षणी ओळखलं पाहिजे आणि तुम्ही तुमच्याच कामाचे वाटला पाहिजेत.

हाताशी काय काय हवं

- स्वतःचे ताजे १० ते १५ फोटो, गेल्या सहा महिन्यांतले. कसे काढायचे ते पायरी २ मध्ये आहे.
- कामावर खरोखर घालता ते दोन-तीन कपडे, त्या फोटोंसाठी.
- मोबाइल ठेवायला स्टँड किंवा फोटो काढून देणारं कुणीतरी.
- तुमच्या क्षेत्रातल्या, तुमच्यापेक्षा एक पायरी वर असलेल्या आठ-दहा जणांचे प्रोफाइल फोटो, नुसते बघण्यासाठी.
- तुम्हाला रोज बघणारं एक माणूस, जे तोंडावर खरं बोलेल. हे शेवटी लागेल, पण आत्ताच सांगून ठेवा.

पायरी १ : फोटो कुठे लागणार ते आधी ठरवा

काही ठिकाणी एआयचा फोटो चालतच नाही. हे आधी सांगते, कारण इथली चूक सर्वांत महागात पडते.

परीक्षेच्या अर्जावर, मग तो एमपीएससीचा असो, यूपीएससीचा असो की बँकेचा, साधा कॅमेऱ्याने काढलेलाच फोटो लावा. परीक्षा केंद्रावर तो फोटो आणि तुमचा चेहरा जुळवून बघतात. अमेरिकेच्या व्हिसासाठी ५१ बाय ५१ मिलिमीटरचा, पांढऱ्या बॅकग्राउंडचा, सहा महिन्यांच्या आतला फोटो लागतो, १ नोव्हेंबर २०१६ पासून त्यात चष्माही चालत नाही आणि फोटोत डिजिटल फेरफार करायला मनाई आहे. आधार केंद्रात आणि पासपोर्ट सेवा केंद्रात तर फोटो तिथेच काढतात.

उरतं ते लिंक्डइन, कंपनीची वेबसाइट, व्याख्यानाची पत्रिका, व्हॉट्सॲप बिझनेस आणि व्हिजिटिंग कार्ड. इथे एआयला जागा आहे. लिंक्डइनचा नियमही तसाच आहे, की फोटो एखाद्या साधनाने बनवलेला चालेल, पण तो तुमच्यासारखा दिसला पाहिजे.

परदेशी अर्ज करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये बायोडेटावर फोटो लावायची रीत नाही, तो लिंक्डइनपुरताच ठेवा. जर्मनीत अर्जासोबत चांगला फोटो जोडण्याची जुनी पद्धत आहे, पण २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर मालक तो मागू शकत नाही. लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

पायरी २ : मूळ फोटो नीट काढा

पन्नास टक्के काम इथेच होतं, आणि नवी माणसं नेमकी हीच पायरी गाळतात.

हात लांब करून काढलेली सेल्फी देऊ नका. चेहरा कॅमेऱ्याच्या फार जवळ आला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याचं गणितच मांडलं. ५ फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक जवळजवळ ३० टक्के जास्त रुंद दिसतं. तुम्ही दहा सेल्फी दिल्या तर एआय तेच फुगलेलं नाक तुमचं खरं नाक म्हणून शिकतं आणि प्रत्येक फोटोत बसवतं. मोबाइल चार-पाच फुटांवर डोळ्यांच्या उंचीला ठेवा, मागचा कॅमेरा वापरा आणि टायमर लावा.

मागचाच कॅमेरा का, तर पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो बऱ्याच मोबाइलमध्ये आरशासारखा उलटा साठवला जातो. भांग आणि तीळ दोन्ही दुसऱ्या बाजूला जातात. निम्मे फोटो सुलटे आणि निम्मे उलटे दिले, तर एआयला तुमचा तीळ कुठे आहे हेच कळत नाही आणि ते तो सरळ पुसून टाकतं. माझ्या तिळाचं बहुतेक हेच झालं होतं.

उजेडासाठी खिडकी पुरते. सकाळी थेट ऊन नसलेल्या खिडकीकडे तोंड करून थोडं तिरकं बसा. ट्यूबलाइटखाली उभं राहू नका, डोळ्यांखाली काळं येतं. काही फोटो समोरून, काही अर्धवट डावीकडे आणि उजवीकडे वळून, काही हसून, काही गंभीर काढा. चष्मा रोज लावत असाल तर सगळ्या फोटोंत लावा. टिकली आणि चमकीचंही तेच. ब्यूटी मोड बंद करा. बऱ्याच मोबाइलवर तो आपोआप सुरू असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

पायरी ३ : साधन निवडा

ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात खास हेडशॉटसाठीच्या, म्हणजे छातीपासून वरच्या फोटोसाठीच्या, सेवा येतात. त्या तुमचे दहा-वीस फोटो घेऊन त्यांवरून एक छोटं मॉडेल, म्हणजे तुमचा चेहरा ओळखणारं एआय, तयार करतात आणि मग डझनावारी फोटो देतात. त्यांना पैसे पडतात. दुसऱ्या प्रकारात जेमिनी, चॅटजीपीटी यांसारखी सर्वसाधारण साधनं येतात. त्यांना एक-दोन फोटो द्यायचे आणि काय हवं ते लिहायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये जेमिनीच्या नॅनो बनाना नावाच्या चित्रं बनवणाऱ्या मॉडेलने साडीतले फोटो बनवायची लाट आली होती, तेच हे साधन.

माझा अनुभव असा, की कपडे आणि बॅकग्राउंड एवढंच बदलायचं असेल तर दुसरा प्रकार पुरतो आणि चेहराही कमी बिघडतो. वेगवेगळ्या कोनांतून बरेच फोटो हवे असतील तरच पहिल्याकडे जा.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी वाचून घ्या. तुमचे फोटो किती दिवसांनी पुसतात, ते त्यांचं एआय शिकवायला वापरतात का, आणि खातं बंद केल्यावर सगळं पुसायची सोय आहे का. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे, पण कुठल्यातरी देशातल्या अनोळखी ॲपकडे एकदा चेहरा गेला की तो परत मागणं सोपं नसतं. फुकटातलं, मालकाचा पत्ता न सांगणारं ॲप मी घरच्यांच्या चेहऱ्यासाठी कधीच वापरत नाही.

आणखी एक लक्षात असू द्या. जेमिनीतून बाहेर पडणाऱ्या चित्रात सिंथआयडी नावाची डोळ्यांना न दिसणारी खूण असते. कुणी तपासलं तर चित्र एआयचं आहे हे कळू शकतं. म्हणून कुणी विचारलं तर सरळ "हो, एआयने नीटनेटका करून घेतलाय" असं सांगा.

पायरी ४ : पेशाप्रमाणे शैली ठरवा

बहुतेक ॲपांत 'कॉर्पोरेट', 'डॉक्टर', 'क्रिएटिव्ह', 'वकील' अशा तयार शैली असतात. त्या बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर साताऱ्यातला दवाखाना किंवा कराडचं कोर्ट नसतं. त्यामुळे शैलीच्या नावावर जाऊ नका. तुमच्या क्षेत्रातले जे आठ-दहा फोटो गोळा केलेत ते शेजारी शेजारी ठेवून बघा. कपडे काय आहेत, मागे काय आहे, हसू किती आहे? त्यातून जे वारंवार दिसतं ती तुमची शैली.

*डॉक्टर.* ॲप पांढरा ॲप्रन आणि गळ्यात स्टेथोस्कोप देतं. वहिनीच्या पहिल्या फोटोत स्टेथोस्कोपची एक नळी केसांत शिरली होती आणि छातीला लावायची चकती नव्हतीच. सामान्य माणसाला ते दिसणार नाही, पण दुसऱ्या डॉक्टरला पहिल्या नजरेत दिसेल. त्याहून मोठी चूक तिने स्वतःच दाखवली. ती म्हणाली, "अगं, मी दवाखान्यात ॲप्रन घालतच नाही. पांढरा कोट बघितला की पोरं रडायला लागतात." बालरोगतज्ज्ञांपैकी अनेक जण याच कारणाने ॲप्रन टाळतात. शेवटी तिचा फोटो फिकट हिरव्या सुती कुर्त्यात, मागे साधी क्रीम भिंत आणि दात दिसतील इतक्या मोकळ्या हसण्याचा केला. तिच्या दवाखान्यातल्या आया तिला तशीच बघतात. हेच मोजमाप सर्जनला लावलं तर उत्तर वेगळं येईल. तिथे गंभीर, शांत चेहरा आणि स्वच्छ ॲप्रन किंवा साधा शर्ट शोभतो.

डॉक्टरांनी एक नियम जरूर पाळावा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार लेटरहेडवर किंवा दवाखान्याच्या पाटीवर स्वतःचा फोटो छापणं ही स्वतःची जाहिरात ठरते आणि ती अनैतिक मानली जाते. म्हणजे फोटो कितीही छान झाला तरी तो पाटीवर चढवू नका.

*वकील.* मामांची गंमत नाही, खरी अडचण होती. एआयने त्यांचे पांढरे केस काळे केले आणि वय वीस वर्षांनी उतरवलं. घरात सगळ्यांना फोटो आवडला, पण मामांना नाही. "पक्षकार माझ्याकडे या पांढऱ्या केसांसाठी येतात," ते म्हणाले. मला ते तेव्हा पटलं आणि आजही पटतं. जिथे अनुभवावर विश्वास ठेवला जातो तिथे वय पुसणं म्हणजे स्वतःचं भांडवल पुसणं.

दुसरी अडचण बँडची. गळ्यातल्या दोन पांढऱ्या पट्ट्या एआयला समजत नाहीत. त्यांचा कधी टाय होतो, कधी बो. आणि मुळात बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे बँड आणि गाउन कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालायचा नसतो, ठरावीक समारंभ वगळता. त्यामुळे प्रोफाइल फोटोत तो नसलेलाच बरा. साधा काळा कोट, पांढरा शर्ट, राखाडी बॅकग्राउंड एवढं पुरे. मागे पुस्तकांचं कपाट मागू नका. पुस्तकांच्या पाठीवर एआय अर्थहीन अक्षरं लिहितं आणि वकिलाच्या फोटोत ती फार वाईट दिसतात. वकिलांना काम मिळवण्यासाठी जाहिरात करायला बंदी आहे, हा बार कौन्सिलचा ३६ वा नियम. 'नंबर एक वकील' छापाच्या चौकटीत हा फोटो टाकण्याच्या भानगडीत पडू नका.

*सीए, बँक, विमा, गुंतवणूक सल्लागार.* तो गडद निळा कोट खरा इथला. घ्या. फक्त कोटाच्या खिशावर किंवा मागे सीएचं बोधचिन्ह एआयकडून काढून घेऊ नका. ते चुकीचं येतं आणि त्याच्या वापराला संस्थेचे नियम आहेत.

*आयटी आणि कंपनीतलं काम.* कोट घालून तुमच्या ऑफिसात कोण बसतं? माझ्या टीममध्ये कुणीच नाही. कॉलरचा शर्ट, एकरंगी कुर्ता किंवा साधा स्वेटर, मागे अस्पष्ट खोली. मी गडद मरून कुर्ता निवडला, कारण मी शिकवताना तोच घालते. ग्राहकांसमोर बसावं लागणारे, विक्री किंवा व्यवस्थापनातले, वर ब्लेझर चढवू शकतात.

*शिक्षक.* मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शिक्षकांच्या पेहरावाबद्दल सूचना काढल्या. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-ओढणी, शिक्षकांनी शर्ट-पँट, शर्ट खोचलेला, जीन्स-टीशर्ट नको, असा त्याचा रोख आहे. फोटोतही तोच धरून चाला. माझ्या मैत्रिणीचा साडीतला फोटो करताना पदर तीनदा उजव्या खांद्यावर गेला. आपल्याकडे तो डाव्या खांद्यावर असतो हे लिहून सांगावं लागलं. पैठणी किंवा मोठ्या नक्षीचे काठ मागू नका. एआय मोराचं आणि पानाचं मिश्रण करून टाकतं आणि पैठणी ओळखणारी प्रत्येक बाई तिथेच अडकते. बारीक काठाची सुती साडी बिनचूक येते. खासगी क्लास घेणाऱ्यांनी थोडा जास्त आत्मविश्वासाचा, कॅमेऱ्याकडे थेट बघणारा फोटो घ्यावा. पालक फी भरण्याआधी चेहरा बघतात.

*साइटवरचे इंजिनिअर.* मावसभावाला हेल्मेट हवंच होतं आणि ते योग्यच होतं. पण एआयने पिवळं दिलं. साइटवर पांढरं हेल्मेट साधारणपणे इंजिनिअर-सुपरवायझर घालतात आणि पिवळं कामगार. त्याच्या क्षेत्रातल्या कुणालाही ते खटकलं असतं. हेल्मेट घ्यायचं तर रंग लिहा आणि त्यावर कुठलीही अक्षरं नकोत हेही लिहा. मागचं बांधकाम अस्पष्ट ठेवा, नाहीतर हवेत संपणाऱ्या सळया दिसतात.

*घरगुती खाद्यव्यवसाय, पार्लर, शिवणकाम.* इथे कोटाने नुकसान होतं. ज्या बाईकडून मी दिवाळीचा फराळ घेते तिचा फोटो सुटाबुटात असता तर मी बिचकले असते. साधा एकरंगी ॲप्रन, बांधलेले केस, मागे स्वच्छ ओटा. मात्र समोर फराळाचं ताट एआयकडून काढून घेऊ नका. तुमच्या चकल्यांचा फोटो तुमच्याच चकल्यांचा हवा, नाहीतर ती गिऱ्हाइकाची फसवणूक होते.

*कीर्तनकार, शाहीर, वादक, निवेदक.* माझा सल्ला स्पष्ट आहे. वेश महत्त्वाचा असेल तर एआयचा नाद सोडा. पुणेरी पगडी मागितली की राजस्थानी साफा येतो, फेट्याचा तुरा कुठूनही निघतो, पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा क्रम चुकतो. खरा पोशाख घालून फोटो काढा आणि एआयकडून फक्त बॅकग्राउंड साफ करून घ्या.

*अभिनेते आणि मॉडेल.* तुम्ही तर अजिबात वापरू नका. कास्टिंगवाल्यांना तुमची आजची त्वचा, आजचं वजन, आजची उंची बघायची असते. फोटोतला माणूस ऑडिशनला आलाच नाही असं त्यांना वाटलं, तर पुढच्या वेळी बोलावणं येत नाही.

आणि कुठल्याही पेशाचे असा, पोलीस किंवा लष्कराची वर्दी फोटोत घालून घेऊ नका. जी वर्दी तुम्ही कमावली नाही ती चित्रातही नको. त्या फोटोचा कुणी गैरवापर केला तर गोष्ट गुन्ह्यापर्यंत जाऊ शकते.

पायरी ५ : काय हवं ते नीट लिहा

मराठीत लिहिलं तरी ही साधनं समजून घेतात. 'प्रोफेशनल फोटो बनव' एवढंच लिहिलंत तर निळा कोट आणि काचेचं ऑफिस ठरलेलं. मी आता साधारण असं लिहिते. हवं तर हेच उचला आणि आपले तपशील भरा.

"याच व्यक्तीचा छातीपासून वरचा फोटो तयार कर. चेहऱ्याची ठेवण, त्वचेचा रंग, केसांचा रंग, भांग, तीळ, चमकी, टिकली आणि चष्मा मूळ फोटोप्रमाणेच ठेव. रंग उजळू नकोस, वय कमी करू नकोस, त्वचा गुळगुळीत करू नकोस. कपडे : गडद मरून एकरंगी सुती कुर्ता, गोल गळा. बॅकग्राउंड : अस्पष्ट, फिकट राखाडी भिंत. उजेड : डावीकडच्या खिडकीतून येणारा मऊ प्रकाश. चेहऱ्यावर हलकं हसू, नजर कॅमेऱ्याकडे. चित्रात कुठलीही अक्षरं, बोधचिन्हं नकोत."

रंगाचं वाक्य गाळू नका. ही फक्त माझी तक्रार नाही. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या आशियाई वंशाच्या एका विद्यार्थिनीने असंच एका साधनाकडून लिंक्डइनसाठी फोटो मागितला, तर तिला गोरी त्वचा आणि निळे डोळे मिळाले. ही मॉडेलं ज्या चित्रांवर शिकली त्यांत 'प्रोफेशनल' या शब्दाशेजारी गोरे चेहरेच जास्त होते. आपल्याकडे सावळेपणावरून मुलींना आधीच पुरेसं ऐकून घ्यावं लागतं. आपण आपल्याच हाताने आपला रंग पुसायचा नाही, एवढं मी ठरवून टाकलंय.

एका वेळी एकच बदल सांगा. आधी कपडे, ते जमले की बॅकग्राउंड, मग उजेड. दहा सूचना एकदम दिल्या आणि काहीतरी बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळत नाही. पाच-सहा फेऱ्यांनंतर चेहरा हळूहळू परका व्हायला लागतो. तसं वाटलं की ताणत बसू नका, मूळ फोटोपासून पुन्हा सुरू करा.

पायरी ६ : फोटो मोठा करून तपासा

मोबाइलवर सगळंच छान दिसतं. संगणकावर पूर्ण आकारात उघडा आणि वरून खाली या.

- डोळे : दोन्ही बुबुळं सारखी गोल आहेत का, डोळ्यांतली चमक एकाच दिशेची आहे का.
- चष्मा : दोन्ही काड्या कानापर्यंत जातात का, चौकट दोन्हीकडे सारखी आहे का.
- कान आणि कानातलं : दोन्ही कानांत एकच जोड आहे का. हे फार वेळा चुकतं.
- दात : मोजायला लागू नका, पण दातांची एक सलग पट्टी झाली असेल तर फोटो सोडा.
- टिकली मधोमध आहे का, मंगळसूत्राच्या वाट्या दोन आहेत का, माळ मानेत शिरत नाही ना.
- कोट : पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. दोन्ही कॉलर सारख्या आहेत का ते बघा.
- केसांच्या कडा बॅकग्राउंडमध्ये विरघळल्यासारख्या दिसतात का.

मग ते खरं बोलणारं माणूस बोलवा. त्याला "फोटो चांगला आहे का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "ही मी आहे का?" असं विचारा आणि उत्तराआधी ते किती थांबतं ते बघा. मी माझ्या लेकाला दाखवला होता. तो सात वर्षांचा आहे. पहिल्या फोटोला तो म्हणाला, "आईसारखी मावशी." दुसऱ्याला काही न बोलता खेळायला निघून गेला. मी दुसरा ठेवला.

पायरी ७ : साठवा आणि लावा

लिंक्डइन आणि व्हॉट्सॲप दोन्हीकडे फोटो गोलात दिसतो, म्हणून डोक्यावर आणि खांद्यांच्या बाजूला जागा सोडून चौकोनी क्रॉप करा. लिंक्डइनला निदान ४०० बाय ४०० पिक्सेलचा आणि ८ एमबीच्या आतला फोटो लागतो. गोल अगदी बारीक करून बघा, कॉमेंटशेजारी दिसतो तेवढा. तिथेही चेहरा ओळखू आला पाहिजे. येत नसेल तर आणखी जवळून क्रॉप करा.

सगळीकडे एकच फोटो लावा. लिंक्डइनवर एक, वेबसाइटवर दुसरा आणि व्हॉट्सॲपवर तिसरा असला की आपण तीच व्यक्ती आहोत हे लोकांना जुळवत बसावं लागतं. फाइल स्वतःकडे साठवल्यावर ॲपमधले मूळ फोटो आणि मॉडेल पुसा, आणि पुसल्याचा ईमेल आला तर जपून ठेवा.

रूप बदललं की फोटोही बदला. दाढी ठेवली, केस कापले, चष्मा लागला, तर जुना फोटो त्याच आठवड्यात काढा. वहिनीने गेल्या महिन्यात जाड काळ्या चौकटीचा चष्मा घेतला. रविवारी सकाळी मी साताऱ्याला गेले, तिला खिडकीत बसवलं आणि पाच फुटांवरून पंधरा फोटो काढले. या वेळी एआयकडून फक्त मागची कपड्यांची दोरी काढून घेतली.